मेमरी संपली, पण कोणाची?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाचा प्रोजेक्ट अँड्रॉइड स्टुडिओमध्ये, कोटलिनमध्ये चालू आहे. दोन-तीन नव्या लायब्ररी जोडल्यापासून बिल्ड अर्ध्यावर थांबतं आणि ‘जावा हीप स्पेस’ असं म्हणत ‘आउट ऑफ मेमरी’ एरर येते. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, डिस्कवर ३०० जीबी जागा मोकळी आहे. वर्गातल्या मित्राच्या सांगण्यावरून स्टुडिओच्या सेटिंगमध्ये मेमरी ४०९६ करून पाहिली. एरर जिथल्या तिथे, वर लॅपटॉप इतका जड झाला की माउससुद्धा हलेना. एवढी जागा असताना मेमरी संपते कशी? वाढवूनही उपयोग का झाला नाही? आणि जो तो नवीन लॅपटॉप घ्यायला सांगतोय, तो घ्यावाच लागेल का? — एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात घरच्यांचे पैसे अडकलेले आहेत. या एररसाठी नवा लॅपटॉप घेऊ नका. कॉलेजच्या आकाराचा प्रोजेक्ट ८ जीबीवर बिल्ड होतो. तुम्ही मेमरी वाढवली ती एडिटरची आणि कमी पडत होती ती ग्रेडलची, एवढाच हा सगळा घोळ आहे.

डिस्कवरचे ३०० जीबी इथे हिशेबात धरायचेच नाहीत. प्रश्न रॅमचा आहे, आणि तोही सगळ्या रॅमचा नाही. जावावर चालणारा प्रत्येक प्रोग्राम सुरू होतानाच स्वतःला एक मर्यादा घालून घेतो, की माझा डेटा ठेवायला मी एवढीच मेमरी घेईन. या भागाला हीप म्हणतात आणि मर्यादेचा आकडा ज्या पर्यायाने देतात त्याचं नाव एक्सएमएक्स. आकडा कुणी दिलाच नाही, तर जावा साधारणपणे यंत्रातल्या रॅमचा चौथा हिस्सा धरून चालतं. मर्यादा गाठली आणि नको असलेला डेटा काढून टाकूनही जागा निघाली नाही, की प्रोग्राम हात टेकतो. शेजारी दोन जीबी रॅम रिकामी पडलेली असली तरी तो तिच्याकडे बघत नाही. ही मर्यादा मुद्दाम ठेवलेली आहे, नाहीतर एकच बिघडलेला प्रोग्राम अख्खं यंत्र गिळून बसला असता.

आता स्टुडिओकडे वळू. पडद्यावर खिडकी एकच दिसते, पण तिच्यामागे निरनिराळे प्रोग्राम चालू असतात. तुम्ही ज्यात कोड लिहिता तो एडिटर एक. बिल्ड करतो तो ग्रेडल, हा वेगळा प्रोग्राम. बिल्ड संपलं तरी तो पुढच्या वेळचा उशीर वाचवायला पाठीमागे जागा राहतो, म्हणून त्याला डीमन म्हणतात. कोटलिनच्या कंपायलरचा डीमन आणखी वेगळा. एम्युलेटर लावलात तर तो चौथा, आणि त्याचा जावाशी काही संबंध नाही. पहिल्या तिघांना आपापली हीप आहे आणि आपापली मर्यादा आहे. एकाची शिल्लक दुसऱ्याच्या कामी येत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर बिल्ड सुरू करा आणि विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून यादी मेमरीच्या क्रमाने लावा. वरच्या चार-सहा ओळींत अँड्रॉइड स्टुडिओ दिसेल, ब्राउझर दिसेल, आणि ‘ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी’ नावाच्या एक-दोन ओळी दिसतील. त्या ओळी म्हणजे तुमचे डीमन. आता बेरीज करा. विंडोज आणि ब्राउझर मिळून सहज तीन जीबी घेतात. एडिटरला तुम्ही चार जीबीपर्यंत जायची मुभा दिलीत. ग्रेडलची मर्यादा दोन जीबी, कारण नवा प्रोजेक्ट तयार करताना स्टुडिओ तोच आकडा लिहून ठेवतो. कोटलिनच्या डीमनला वेगळं काही सांगितलं नसेल तर तो ग्रेडलचाच आकडा उचलतो, म्हणजे त्याचेही दोन. आठाच्या यंत्रात अकराची तरतूद झाली. शिवाय मर्यादा फक्त हीपची असते. क्लासची माहिती, थ्रेडचे स्टॅक, कंपाइल केलेला कोड हे सगळं हीपबाहेर आणखी जागा घेतं.

एरवी मर्यादा म्हणजे काही खर्च नव्हे. पण मर्यादा ऐसपैस असली की जावा साफसफाईची घाई करत नाही आणि हीप हळूहळू फुगत जाते. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज मेमरीचे तुकडे डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागतील तसे परत आणतं. माउस हलेना तो त्यामुळे. म्हणजे मित्राच्या सल्ल्याने एरर तर गेली नाहीच, उलट ज्याला गरज होती त्या ग्रेडलच्या वाट्याची रॅम एडिटरने अडवली.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं, की आकड्याला हात लावण्याआधी एरर कुठे उमटली आणि तिचे शब्द काय आहेत, हे वाचा. एडिटरची स्वतःची हीप संपली तर स्टुडिओ एक वेगळी खिडकी उघडून तसं सांगतो. खालच्या ‘बिल्ड’ पॅनेलमध्ये लाल अक्षरांत आली तर ती ग्रेडलची किंवा कोटलिनच्या कंपायलरची, आणि तुमची तीच आहे. ‘लॉगकॅट’मध्ये आली तर तुमचं ॲप फोनवर मेमरी संपून पडलं, त्याला लॅपटॉपचं कुठलंही सेटिंग उपयोगाचं नाही.

शब्दांतही फरक असतो. ‘जावा हीप स्पेस’ म्हणजे सरळसरळ हीप भरली. ‘जीसी ओव्हरहेड लिमिट एक्सीडेड’ म्हणजे हीप अजून फुटलेली नाही, पण प्रोग्रामचा ९८ टक्क्यांहून जास्त वेळ साफसफाईतच चाललाय आणि त्यातून २ टक्के हीपसुद्धा सुटत नाही. ‘मेटास्पेस’ असेल तर एक्सएमएक्स कितीही वाढवा, काही होणार नाही; ती क्लासच्या माहितीची वेगळी जागा आहे आणि तिचा पर्याय मॅक्समेटास्पेससाइज हा आहे. २०१४ साली आलेल्या जावा ८ पूर्वी त्या जागेला पर्मजेन म्हणत. तेव्हाचे मॅक्सपर्मसाइज वाढवायचे सल्ले अजून फिरत असतात. जावा ८ तो पर्याय दुर्लक्षून नुसती सूचना द्यायचं. जावा १७ तो ओळखतच नाही आणि सुरूच व्हायला नकार देतं. जुना उपाय चिकटवण्याआधी तो कोणत्या जावाचा आहे हे जरूर बघा. ‘अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड’ असं आलं तर गोष्ट हीपची नाहीच. ऑपरेटिंग सिस्टीम नवा थ्रेड द्यायला तयार नाही, आणि तिथे हीप वाढवली तर थ्रेडसाठी उरलेली जागा आणखी कमी होते.

तर तुमच्या यंत्रावर काय करायचं? स्टुडिओच्या सेटिंगमधलं ते मेमरीचं पान पुन्हा उघडा. वरचा रकाना आयडीईचा म्हणजे एडिटरचा आहे, मित्राने तोच बदलायला सांगितला. तो पूर्वीच्या आकड्यावर आणा, २०४८ पुरे. त्याच पानावर खाली चालू प्रोजेक्टच्या डीमनची मर्यादा असते. ग्रेडलचा आकडा ३०७२ करा. कोटलिनचा मात्र वेगळा लिहा, १५३६ ने सुरुवात करा. नाहीतर तोही ग्रेडलच्या मागोमाग तीन जीबीवर जाईल. हेच बदल प्रोजेक्टच्या मुळाशी असलेल्या ‘ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज’ या फाइलमध्ये हाताने करता येतात. तिथे जेव्हीएमआर्ग्ज नावाच्या ओळीत एक्सएमएक्सचा आकडा सापडेल.

इथे दोन ठिकाणी चांगली चांगली माणसं अडकतात. याच नावाची आणखी एक फाइल तुमच्या युजर फोल्डरमधल्या ‘डॉट ग्रेडल’ या फोल्डरमध्ये असू शकते, आणि दोन्हींत तीच ओळ असली तर युजर फोल्डरमधली चालते. प्रोजेक्टची फाइल दहा वेळा बदलली तरी काडीचा फरक पडत नाही, तेव्हा कारण बहुधा हे असतं. दुसरी गोष्ट अशी की आकडा बदलल्यावर ग्रेडल जुना डीमन वापरू शकत नाही, नवा सुरू करतो. टर्मिनलवर तशी ओळही येते, की एक डीमन जुळत नसल्यामुळे वापरता आला नाही. तो जुना मात्र लगेच जात नाही. तीन तास रिकामा बसला की आपणहून बंद होतो, रॅम फारच आटली तर त्याआधीही. तोवर तो आपल्या वाट्याची रॅम धरून असतो. त्यामुळे आकडा बदलून लगेच बिल्ड केलं की यंत्र आधीपेक्षा मंद वाटतं आणि माणूस चांगला बदल मागे घेतो. बदल केल्यावर टर्मिनलमध्ये ‘ग्रेडलडब्ल्यू’ या आज्ञेला ‘स्टॉप’चा पर्याय जोडून सगळे डीमन बंद करा आणि मग नव्याने बिल्ड करा.

एवढ्यानेही भागलं नाही तर आकडा आणखी न वाढवता काम एका वेळी कमी द्या. ग्रेडल एरवी प्रोसेसरचे जितके कोअर तितकी कामं एकाच वेळी हातात घेऊ शकतो. वर्कर्स डॉट मॅक्स या ओळीने ती संख्या दोनवर आणा. बिल्डला थोडा जास्त वेळ लागेल, पण मेमरीचा उच्चांक खाली येईल. ८ जीबीच्या यंत्रावर मला हा उपाय सगळ्यांत भरवशाचा वाटतो, आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

आता मेमरी वाढवणं हा उपायच नसतो अशी एक जात आहे. अकराशे लागणाऱ्या कामाला हजारच दिले असतील तर वाढवणं योग्य. पण एखादा प्रोग्राम घेतलेली जागा सोडतच नसेल तर एररची वेळ फक्त पुढे ढकलली जाते. नको असलेला डेटा आपोआप काढून टाकायची कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुमारास लिस्प या भाषेसाठी मांडली, आणि जावाही त्याच वाटेने चालतं. नियम साधा आहे : ज्याच्याकडे कुणाचाच निर्देश उरला नाही ते उचलायचं. लग्नाच्या पंगतीत जेवून उठलेल्यांची पानं उचलली की तिथे दुसरी माणसं बसतात. पण कुणी जाताना पाटावर रुमाल टाकून गेलं असेल तर वाढपी ती जागा रिकामी असूनही कुणाला देत नाही. विसरलेली स्टॅटिक यादी, न काढलेला लिसनर, कधीच न रिकामी होणारी कॅश हे असे रुमाल आहेत.

हे ओळखायची खूण सोपी आहे. स्टुडिओच्या खालच्या पट्टीवर उजवं क्लिक करून मेमरी इंडिकेटर चालू करा. वापर वर चढतो, साफसफाई झाली की एकदम खाली येतो, पुन्हा चढतो. ही चढउतार निरोगी आहे. लक्ष ठेवायचं ते खालच्या टोकावर. दर साफसफाईनंतर उरणारा आकडा तासाभरात सातशेचा नऊशे, नऊशेचा तेराशे होत गेला तर कुठेतरी गळती आहे. एडिटरच्या बाबतीत बहुतेक वेळा बाहेरून घातलेलं एखादं प्लगिन निघतं. एकेक बंद करून बघा.

गळती तुमच्याच प्रोग्राममध्ये असेल तर अंदाज बांधत बसू नका. ‘हीपडंपऑनआउटऑफमेमरीएरर’ हा पर्याय लावला की जावा पडताना हीपची पूर्ण प्रत फाइलमध्ये लिहून ठेवतं. ती एक्लिप्स मेमरी ॲनालायझर या फुकट साधनात उघडा. डॉमिनेटर ट्री नावाच्या तक्त्यात प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे असतात. एक तिचा स्वतःचा, दुसरा ती सोडली तर मिळून किती जागा मोकळी होईल त्याचा. एखाद्या यादीचा स्वतःचा आकडा २४ बाइट आणि दुसरा ६०० एमबी दिसला की शोध संपला. आपला कोड तिथे उघडा पडतो, आणि एक असा तक्ता नीट वाचलेला विद्यार्थी पुढे मेमरीला घाबरत नाही, असा माझा अनुभव आहे.

ॲप फोनवर पडत असेल तर आधी फोटोंकडे बघा. बारा मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून तीन-चार एमबीचा असतो, पण पडद्यावर दाखवण्यासाठी तो उलगडला की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. चार हजार गुणिले तीन हजार गुणिले चार, म्हणजे ४८ एमबी. असे दहा फोटो यादीत पूर्ण आकारात उघडले की जवळजवळ अर्धा जीबी गेला, आणि तेही बोटभर रुंदीच्या चित्रांसाठी. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून हे पिक्सेल जावाच्या हीपबाहेर ठेवले जातात, त्यामुळे ठरावीक एरर उशिरा येते, पण फोनची रॅम तीच. हवा त्या आकारात लहान करूनच फोटो उघडा. ग्लाइडसारखी लायब्ररी हे आपोआप करते. मॅनिफेस्टमध्ये ‘लार्जहीप’ लिहून मोकळं होण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. तुमचं ॲप अडवेल ती मेमरी वापरणाऱ्याच्या इतर ॲपच्या वाट्याची असते.

राहता राहिली रॅम. एडिटर आणि एम्युलेटर एकत्र चालवायचे तर १६ जीबी हवीच, तिथे काटकसरीला मर्यादा आहेत. तोपर्यंत एम्युलेटर बंद ठेवा आणि स्वतःचा फोन यूएसबीने जोडून त्यावर ॲप चालवा; एकट्या या बदलाने दोनेक जीबी मोकळे होतात. पुढे पैसे जमले तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर क्लिक करून ‘स्लॉट्स यूज्ड’ बघा. दोनपैकी एक असं दिसलं तर बहुधा आणखी एक ८ जीबीची पट्टी बसेल आणि ती नव्या लॅपटॉपच्या मानाने फारच स्वस्तात येते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाख दिलेली असते, त्यामुळे विकत घेण्याआधी मॉडेल नंबरवरून खात्री करा.

प्रश्न : आमचं बिल्ड माझ्या लॅपटॉपवर बिनतक्रार होतं. तेच सर्व्हरवर, डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवलं की मध्येच थांबतं. आउट ऑफ मेमरी वगैरे काहीच लिहून येत नाही, फक्त ‘एक्झिट कोड १३७’. कंटेनरला ४ जीबी दिलेत आणि एक्सएमएक्सही ४ जीबीच ठेवलंय, म्हणजे कमी पडायला नको. — एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही आकडे सारखे ठेवलेत, तिथेच गोम आहे. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा लिनक्समध्ये प्रोग्राम तडकाफडकी मारण्याचा सिग्नल. तुमच्या बिल्डला जावाने थांबवलेलं नाही, लिनक्सच्या कर्नलने मारलंय. म्हणून जावाला एरर लिहायचीसुद्धा उसंत मिळाली नाही. यंत्राच्या कर्नल लॉगमध्ये, म्हणजे ‘डीमेसेज’च्या आज्ञेने, मारलेल्या प्रोसेसचं नाव बहुधा सापडेल.

वरच्या उत्तरात म्हटलं तसं एक्सएमएक्स फक्त हीप मोजतं आणि कंटेनरची मर्यादा सगळंच मोजते. चार जीबीच्या कंटेनरात चार जीबीची हीप भरत आली की मेटास्पेस, थ्रेड आणि कंपाइल झालेला कोड यांना जागाच उरत नाही. ६४-बिट लिनक्सवर एकेका थ्रेडचा स्टॅक एरवी एक एमबीपर्यंत जाऊ शकतो. शिवाय ग्रेडल टेस्टसाठी वेगळी जावा प्रोसेस सुरू करतो, तिची हीप एरवी ५१२ एमबीपर्यंत, आणि तुम्ही टेस्ट समांतर लावल्या असतील तर अशा जितक्या प्रोसेस तितक्या पट.

तुम्हाला आकडा कमी करायचा आहे. चार जीबीच्या कंटेनरात ग्रेडलला २ जीबी देऊन बघा, कोटलिनला वेगळा एक, आणि टेस्टच्या समांतर प्रोसेस एकवर आणा. आकडे हाताने लिहायचे नसतील तर मॅक्सरॅमपर्सेंटेज या पर्यायाने कंटेनरच्या मेमरीचा ठरावीक टक्का हीपला देता येतो. कंटेनरची मर्यादा ओळखणं जावा १० मध्ये आलं आणि जुन्या जावा ८ मध्ये ते १९१ व्या अपडेटपासून मिळतं. त्याआधीची आवृत्ती कंटेनरात असेल तर ती अख्ख्या सर्व्हरची रॅम आपलीच समजून त्याचा चौथा हिस्सा धरते. ६४ जीबीच्या सर्व्हरवर तो १६ जीबी होतो आणि तुमचा कंटेनर आहे चारचा. तेव्हा कंटेनरच्या आत जाऊन जावाची आवृत्ती तपासा आणि मगच आकड्यांना हात घाला.